आतली कडी

मॅडमनी बेल वाजवली नाही. पर्समधून किल्ली काढली, फिरवली आणि सरळ आत शिरल्या. त्यांच्या मागून दाते, म्हणजे या घरातल्या पलंगापासून चमच्यांपर्यंत सगळ्याचे पैसे भरणारे गृहस्थ. सगळ्यांत मागे खांद्याला पिशवी लावलेला मिस्त्री.

बाई नुकतीच अंघोळ करून केस पुसत बसली होती. दचकून तिनं टॉवेल छातीशी धरला. मॅडमना त्यात काही वावगं वाटलं नाही. बेघर माणसांना घर लावून देणाऱ्या संस्थेच्या त्या प्रमुख. आजवर एकतीस घरं लावून झाली होती आणि एकतीसही घरांच्या दुसऱ्या किल्ल्या त्यांच्या पर्समध्ये खुळखुळत होत्या.

"बसा, बसा मावशी," त्या म्हणाल्या, जशी काही मावशीच त्यांच्याकडे पाहुणी आली होती. "हे आपले दाते. घर कसं लागलंय ते बघायला आलेत."

दात्यांनी बूट न काढता बघायला सुरुवात केली. गादी दाबून पाहिली, खुर्ची हलवून पाहिली. मग कपाट उघडलं. ते रिकामं होतं. बाईचे कपडे खाली कोपऱ्यात, गाठोड्यात बांधलेले.

"अजून गाठोडंच का?" मॅडम हसल्या. "नऊ वर्षं पुलाच्या जिन्याखाली काढलीत यांनी. जाईल हळूहळू सवय."

"दाराला आतून कडी नाही," बाई म्हणाली. "तेवढी बसवून द्या."

"अहो, ते मी त्या दिवशीच सांगितलं ना? नियम आहे आमचा. आत कुणाला काही झालं तर दार फोडत बसायचं का आम्ही? आणि भीती कसली? दुसरी किल्ली आमच्याकडेच असते."

"म्हणूनच," बाई म्हणाली.

मॅडमनी कानाआड केलं आणि दात्यांकडे वळून म्हणाल्या, "भाबडी असतात हो ही माणसं."

"कमाल आहे," दाते म्हणाले. "एवढं सगळं दिलं, आणि मागून मागितलं काय, तर कडी!"

दोघंही खदखदून हसली. मिस्त्री मनातल्या मनात थुंकला. मॅडमवर थुंकला, दात्यांवर थुंकला आणि उरलेलं स्वतःवर. कारण कडी होती. मागच्या आठवड्यात मॅडमच्या सांगण्यावरून त्यानंच ती उतरवली होती. एकतीस घरांत त्यानं पलंग जोडले, लोकांनी त्याचे हात हातात घेऊन आभार मानले, आणि निघताना प्रत्येक दाराची कडी काढून त्यानं मुकाट पिशवीत टाकली. ही शेवटची अजून पिशवीच्या तळाशीच होती.

आजचं काम वेगळं होतं. पितळी पाटी दाराला बाहेरून लावायची होती. पाटीवर दात्यांचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव आणि खाली 'यांच्या औदार्यातून' असं ठसठशीत कोरलेलं. बाईचं नाव कुठेच नव्हतं.

"डोळ्यांच्या रेषेत बसवा," दात्यांनी कागदाची पुडी मिस्त्रीच्या हातावर ठेवली. "आणि स्क्रू हेच वापरा. चारही पितळी आहेत, खास आणलेत."

"चला, तुम्हाला किचन दाखवते," मॅडम म्हणाल्या. लगेच आतून मिक्सरचं कौतुक सुरू झालं.

मिस्त्रीनं पेचकस काढला आणि दाराची आतली बाजू पाहिली. कडीची चार भोकं त्यानं स्वतः पुट्टी भरून बुजवली होती. आता ती मोकळी होती, चमच्याच्या दांडीनं कोरून कोरून स्वच्छ केलेली. त्यानं बाईकडे पाहिलं. ती पुढे आली आणि दार हलू नये म्हणून दोन्ही हातांनी घट्ट धरून उभी राहिली.

त्यानं पिशवीच्या तळाशी हात घातला.

"काय हो मिस्त्री, किती वेळ?" किचनमधून हाक आली.

"पाटी आहे मॅडम. नीट बसायला नको?"

चारही पितळी स्क्रू कडीत गेले. पाटी त्यानं बाहेरून चिकटपट्टीवर भागवली. औदार्याला तेवढा आधार पुष्कळ झाला.

मग फोटोची गडबड. दार बंद हवं, नाहीतर पाटी दिसणार नाही, असं दात्यांचं म्हणणं पडलं. "मावशी, तुम्ही मधे उभ्या राहा, पाटीखाली," मॅडम म्हणाल्या. "आणि जरा हसा."

"व्हा पुढे," बाई म्हणाली. "केस विंचरून येते."

तिघं बाहेर आली. दार लागलं. पाठोपाठ आत खट्ट असा आवाज झाला. दात्यांनी शर्ट नीट केला, मॅडमनी ओठांवरून जीभ फिरवली, सगळे थांबले. बाई येईना. शेवटी मॅडमनी किल्ली काढली. किल्ली फिरली, दार हललं नाही.

त्यांनी तळव्यानं दारावर थापा मारल्या. पाटीचा एक कोपरा सुटला, तशी दात्यांनी ती दोन्ही हातांनी दाबून धरली.

"मिस्त्री, आत कडी आली कुठून?"

"होती तिथंच आहे, मॅडम."

"उद्यापासून येऊ नका तुम्ही!"

"बरं," मिस्त्री म्हणाला आणि पेचकस पिशवीत ठेवला.

मॅडमनी पुन्हा किल्ली फिरवून पाहिली. इकडेतिकडे पाहिलं. मग, नाइलाजानं, त्यांनी बेल वाजवली.

"कोण आहे?" आतून बाईनं विचारलं.