मानेचा व्यायाम

शिवणाच्या मशीनवर वाकून वाकून आमच्या सुनेची, वर्षाराणीची, मान पुढे आली आणि खांदे आखडले. कळंब्याच्या डॉक्टरांनी व्यायाम दिला, भिंतीला डोकं आणि खांदे टेकवून ताठ उभं राहायचं. ती उभी राहिली की नेमके आमचे हे दारात खोकत. सासरे आले म्हणून ती पदर ओढून मान खाली घाली. महिनाभर असंच चाललं. वर हे मलाच विचारत, "व्यायाम करती का न्हाय ही?"

शेवटी मी वैतागले. "तुम्ही खोकला की तिची मान वाकती. सांगा की तिला."

दुसऱ्या दिवशी हे दारातूनच म्हणाले, "पोरी, मी आलोय. मान खाली घालू नगंस."

तिनं पदर ओढला, मान खाली घातली आणि म्हणाली, "व्हय, मामंजी."