जॅमचा डाग

"सिस्टर, आज नको. पुढच्या आठवड्यात करू या," धाकटी म्हणाली आणि ऑपरेशनचा गाऊन पोटाशी घट्ट धरून पलंगावर बसून राहिली.

"अगं बाई, मुहूर्त बघतेस की काय?" थोरली जाऊ उसळली. "बेकरी बंद ठेवून आलेय मी. हर्निया तर आहे, शिवला की सुटलीस!"

धाकटीच्या बेंबीत बोराएवढी गाठ होती. मैद्याची पोती उचलून हर्निया झाला, असं घरात कधीच ठरून गेलं होतं. डॉक्टरांनाही तेच वाटलं, आणि त्यांचा तरी काय दोष? धाकट्या बाईसाहेब तपासून घ्यायला जायच्या त्या पाळी संपल्यावर, अगदी स्वच्छ होऊन. पाळीत परक्यापुढे पोट उघडं टाकायचं म्हणजे तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आणि नेमकी त्याच दिवसांत गाठ काळीनिळी व्हायची, ठणकायची, रक्त गाळायची. सहनही होईना आणि सांगताही येईना. एप्रनवर डाग दिसलाच, तर ती म्हणायची, जॅम सांडला. वर थोरलीचा टोमणा ठरलेला, "महिन्याचे चार दिवस हिला पोती बरोबर जड होतात!"

आज मात्र पाळी तारखेच्या आधीच आली होती.

धाकटीने सिस्टरच्या कानात सांगितलं. "इश्श, एवढंच ना?" म्हणत सिस्टरने तिचे हात बाजूला केले. बेंबीवर कापसाचा बोळा होता, लालभडक. सिस्टर तशीच जाऊन डॉक्टरबाईंना घेऊन आली.

"हे दर पाळीला होतं?"

"हो."

"मग आम्हाला सांगितलं का नाहीत?"

"मला वाटलं, ते बायकांचं दुखणं. हर्निया वेगळा."

डॉक्टरबाई स्टूल ओढून बसल्या. "गर्भाशयाला आतून जसं अस्तर असतं ना, तसलंच इथे बेंबीत वाढलेलं दिसतंय. म्हणून पाळी आली की तेही रक्त गाळतं. हर्नियाही आहे, पण नुसता तेवढाच शिवला असता तर दुखणं होतं तिथेच राहिलं असतं. आज ऑपरेशन नाही. आधी नीट तपासण्या करू, मग दोन्हींचं एकदम बघू."

धाकटीच्या मनात आलं, ऑपरेशन होऊनही पुढच्या महिन्यात पोट धरून बसली असती, तर घरात तिच्यावर विश्वास कोणी ठेवला असता?

"म्हणजे डॉक्टर," थोरली चाचरत म्हणाली, "ही दुखतंय म्हणायची, ते खरंच दुखायचं?"

"खूप दुखत असणार."

थोरलीचा चेहरा खर्रकन उतरला. तिने धाकटीच्या पायांवर चादर ओढली, उगाचच नीट केली. तिला फार वाईट वाटत होतं आणि वाईट वाटलं की तिला रागवायचंच सुचायचं.

"बये, मग एकदा तरी जोरात ओरडायचं होतंस!"

"ओरडले होते, ताई. तुम्हीच म्हणालात, हळू, दुकानात गिऱ्हाईक आहे."