बिनधुराची ऊब

सात आठे किती, ते बाईंना आठवेना.

चौतीस वर्षं त्यांनी शाळेत गणित शिकवलं होतं. पाढा चुकला की पोराला वर्गाबाहेर उभं करायच्या. निवृत्तीनंतर घरोघरी शिकवण्या सुरू झाल्या, दरारा तोच राहिला. आता समोर दोघी बहिणी बसल्या होत्या. मोठी वहीवर वाकलेली, धाकटी टेबलावर डोकं टेकून पेंगत असलेली. आणि बाईंचं पेन कागदावर नुसतं टेकून राहिलेलं.

बाईंच्या स्वतःच्या आईचं असंच सुरू झालं होतं. आधी आकडे गेले, मग नावं, मग पोटची लेकसुद्धा अनोळखी झाली.

"पुढचं तू कर," त्या मोठीला म्हणाल्या. आवाज मुद्दाम चढा ठेवला. कुणाला कळता कामा नये. गेले पंधरा दिवस त्या हेच करत होत्या.

बाहेर हाडं गोठवणारी थंडी होती, खोलीत मात्र छान ऊब. मागच्या हिवाळ्यात धाकटीला न्यूमोनिया झाला आणि मुलींच्या आईने थंडीचा धसकाच घेतला. खिडक्यांच्या फटींना तिने चिकटपट्टी लावली होती, दाराखाली जुनी चादर कोंबली होती. टेबलाजवळ कोळशाची शेगडी. धूर पार जाईपर्यंत ती शेगडी गॅलरीत ठेवायची आणि निखारे लालबुंद झाले की मगच आत आणायची. मग दार ओढून बाहेरच्या खोलीत शिलाई मशीनवर बसायची.

"लक्ष कुठंय तुझं?" बाईंनी मोठीच्या वहीवर फुली मारली आणि थबकल्या. फुली चुकीच्या उत्तरावर पडली की बरोबर, त्यांचं त्यांनाच सांगता येईना.

मोठी कपाळ दाबून बसली होती.

"काय होतंय?"

"काही नाही."

"नाटकं नकोत. सांग."

"डोकं ठणकतंय." ती वहीकडेच बघत म्हणाली, "शाळेत नाही ठणकत. इथं बसलं की ठणकतं."

बाई खेकसणारच होत्या, पण शब्द ओठांवरच राहिला. सकाळी दुसऱ्या घरी त्यांनी दहावीची अवघड गणितं तोंडी सोडवून दिली होती, कुठेही अडल्या नव्हत्या. काल सकाळीही नाही. अडत होतं ते फक्त इथं, या टेबलाशी. आणि डोकं तर त्यांचंही ठणकत होतं.

त्यांनी धाकटीला हलवलं. तिची मान हातावरून घरंगळली.

निखाऱ्यांतून धूर येत नसला तरी ते विषारी वायू सोडतात. त्याला रंग नसतो, वास नसतो. शाळेत विज्ञानाच्या बाई रजेवर असताना हा धडा त्यांनीच शिकवला होता.

त्या उठायला गेल्या आणि मटकन खाली बसल्या. मुलींच्या आईला हाक मारली, ती मशीनच्या खडखडाटात विरून गेली. पुन्हा कशाबशा उठून खिडकीशी पोचल्या, तर पट्टी नखांनी उकलेना. बोटं जणू दुसऱ्याच कुणाची होती.

"मोठे, ऐक," त्या म्हणाल्या. "मला काही सुचत नाहीये. हिला मला एकटीला उचलता यायचं नाही. तू धर. दप्तर राहू दे, सगळं राहू दे. आपल्याला बाहेर जायचंय."

मोठी बघतच राहिली. बाईंना एखादी गोष्ट येत नाही, असं तिने आजवर ऐकलं नव्हतं. मग ती उठली, भेलकांडली, भिंतीला धरून सावरली. दोघींनी धाकटीला काखेत धरून फरफटत दाराशी नेलं. चादरीमुळे दार घट्ट बसलं होतं. बाईंनी गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी चादर ओढली.

दार उघडलं तशी मुलींची आई मशीन सोडून धावली. धाकटीला गॅलरीच्या गार फरशीवर निजवलं तरी ती निपचितच. बाई तिचे गाल थोपटत होत्या, "श्वास घे, बाळा, श्वास घे," एवढंच म्हणत होत्या. पलीकडच्या शेजाऱ्याने गाडी काढली. जिन्यात धाकटीला उलटी झाली आणि तिने भोकाड पसरलं.

"रड गं बाई, रड," म्हणत आईच रडायला लागली. "पण धूर तर जरासुद्धा नव्हता हो बाई! मी रोज बघून आत आणते."

"धूर असता तर बरं झालं असतं," बाई म्हणाल्या. "खोकलो असतो. कधीच पळालो असतो."

दवाखान्यात तिघींच्या तोंडाला ऑक्सिजन लावला. धाकटी आईचं बोट धरून पडली होती. तिचा धोका टळला होता. डॉक्टर मोठीच्या खाटेशी आले.

"डोकं कधीपासून दुखतं बाळ तुझं?"

मोठीने शेजारच्या खाटेकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

बाईंनी ऑक्सिजनचा मास्क खाली ओढला.

"आधी माझं लिहून घ्या डॉक्टर. पंधरा दिवस. कुणाला सांगितलं नाही."

"का?"

"घाबरले होते."

डॉक्टरांचं पेन थांबलं. मोठीने हळूच मान वर केली.

"मी पण," ती म्हणाली.

"तू कशाला घाबरलीस?" डॉक्टरांनी विचारलं.

मोठीची नजर बाईंकडे गेली. बाईंनी मान डोलावली.

"सांग," त्या म्हणाल्या. "माझं नाव घे."