हैदराबादला निघालेली बाटली

माणसाचं नशीब कपाळावर लिहिलेलं असतं. दैवशालाचं मात्र स्पिरिटच्या बाटलीत होतं. अंगावरून जाणारं रक्त थांबेना, म्हणून परभणीच्या डॉक्टरीणबाईंनी गर्भाशयाच्या तोंडाचा तुकडा काढला, सडू नये म्हणून स्पिरिटच्या बाटलीत घालून तिच्या नवऱ्याकडे दिला. "हैदराबादला पोचवा. पेशी बिघडल्यात का, कॅन्सर आहे का, मायक्रोस्कोपखाली कळेल." घरी सासूनं बूच उघडून वास घेतला. "वैजीनाथ, बायकोचं अंग दारूत बुडवून न्यायलास व्हय रं? माळकऱ्याचं घर हाय आपलं!" तिनं स्पिरिट मोरीत ओतलं आणि गंगाखेडहून आणलेलं गंगेचं, म्हणजे गोदावरीचं पाणी भरलं. वैजीनाथलाही हायसं वाटलं. तरी गाडीत चैन पडेना. पूर्णा गेलं, नांदेड गेलं, तो बाटली उजेडात धरायचा, बूच आवळायचा, शेजाऱ्याला विचारायचा, "रंग बदललाय का वो?" हैदराबादच्या डॉक्टरांनी नाकाला रुमाल लावला. "सडलाय. दुसरा आणा." पुढच्या सोमवारी दैवशाला पुन्हा टेबलावर आडवी झाली.