फहीमचा मेसेज

नव्या वर्षात एक तरी गोष्ट स्वतःसाठी करायची, असं ठरवून सुलतानपूरच्या सलीमानं पन्नाशीत अक्षरं गिरवायला घेतली, तीही नवऱ्याला, अकीलला न सांगता. आखातात कामाला गेलेल्या मुलाचे, फहीमचे मेसेज तिला स्वतः वाचायचे होते. आजवर ते अकीलच तिला वाचून दाखवायचा.

रमजानमध्ये एका दुपारी अकील अंगणात असताना त्याचा मोबाइल वाजला. तिनं अक्षराला अक्षर जोडत वाचलं : 'अब्बा, मालक पासपोर्ट देत नाही. यंदाबी येणं होत नाही. अम्मीले सांगू नका.'

अकील आत आला. मेसेज पाहून त्यानं मोबाइल खिशात टाकला.

"काय म्हणते फहीम?" तिनं विचारलं.

"मजेत आहे. ईदले येतो म्हणते."



"मंग त्याले लिहा," सलीमा म्हणाली, "अम्मीनं शेवया आणून ठेवल्या."