आबिलिओचा राहिलेला नवस

“पहिल्या वर्षी पाय मुरगळला, किंचाळलीस. दुसऱ्या वर्षी गांधीलमाशी चावली. गेल्या वर्षी तर कमालच! कुणा म्हाताऱ्याने वाट विचारली आणि बाईसाहेबांनी सांगितली.” अर्मिंदा बोटांवर मोजत होती. “माझा भाऊ अधांतरी लटकलाय आणि तू जगाला वाटा दाखवत फिर.”

“चुकलं, वन्सं,” फेलिस्मिना हळूच म्हणाली. “तोंडातून निघून गेलं.”

दोघी पायऱ्यांच्या तळाशी उभ्या होत्या. वर टेकडीच्या माथ्यावर देवमातेचं देऊळ, मधे सहाशे पायऱ्या आणि त्यांवर जत्रेची माणसंच माणसं. फेलिस्मिनाच्या हातात तिच्याहून वीतभर उंच मेणबत्ती होती. आबिलिओच्या उंचीची.

नवस त्याचाच होता. द्राक्षांची पाटी डोक्यावर घेऊन तो मळ्याच्या बांधावरून कोसळला आणि कमरेखाली लुळा पडला, तेव्हा बोललेला. ‘माते, मला उभा कर. माझ्या उंचीची मेणबत्ती पेटवून, एक शब्द न बोलता तुझ्या पायऱ्या चढेन.’ माउलीने उभा केला. पुढं अकरा वर्षं तो ‘एवढा हंगाम उरकू दे’ म्हणत राहिला आणि एका हिवाळ्यात नवस तसाच ठेवून गेला.

नवस राहिलेला माणूस घर सोडत नाही, हे डोरु नदीच्या त्या खोऱ्यात शेंबडं पोरही सांगेल. फादर म्हणत, त्याच्या नावाने मिस्साची एक प्रार्थना पुरे. बायका माना डोलवत आणि आपलं तेच करत. घरातून निघताना मेलेल्याला ‘चल’ म्हणायचं. त्याच्या वतीने पायऱ्या चढायच्या. एक शब्द जरी निघाला तरी चढ फुकट, मग पुढच्या जत्रेपर्यंत थांबायचं. आणि वर पोचलं की त्याला सांगायचं, ‘आता तू माउलीपाशी राहा. मी जाते.’

“कालही वाजलं का गं पिंप?” अर्मिंदाने विचारलं.

“वाजलं.”

गेली चार वर्षं वाजत होतं. संध्याकाळी तळघरात वाइनचं रिकामं पिंप ठक्‌कन वाजायचं, जिन्याची पायरी करकरायची. फेलिस्मिनाला मूलबाळ नव्हतं. शेजारची दोन्ही घरं फ्रान्सला गेलेली, त्यांची कुलपं गंजलेली. तिच्या घरात दुसरा आवाज नव्हता.

अर्मिंदाने डोळे टिपले. “बिचारा माझा भाऊ. काळीज धड असतं तर मीच चढले असते, तुझ्या जिभेच्या भरवशावर ठेवलं नसतं त्याला. आ कर.”

“काय?”

“आ कर म्हणते ना! तोंडात पाणी असलं की जीभ वळत नाही. वर माउलीसमोरच गिळायचं.”

फेलिस्मिनाने निमूट तोंड उघडलं. नणंदेने बाटलीतलं पाणी ओतलं, हनुवटीला हात लावून तोंड मिटवलं, मेणबत्ती पेटवून दिली आणि मागच्या रस्त्याने वर जाणारी बस गाठली.

फेलिस्मिना चढू लागली. आजूबाजूला घरंच्या घरं चालली होती. आज्यांना नातवांनी धरलेलं, परदेशातून आलेली पोरं भावंडांच्या गळ्यात हात टाकून. खालून बँडचा आवाज आणि भाजत्या बकऱ्याचा वास एकदमच येत होता. ती एकटीच, मेणबत्ती आणि गच्च फुगलेले गाल घेऊन.

“काकू, नवरा एवढा उंच?” एका जाड्या माणसाने विचारलं. “जिराफाशी लग्न केलं असतं तर काय केलं असतं हो?”

“हसवू नका तिला,” त्याची बायको ओरडली. “दिसत नाही, तोंडात पाणी धरलंय ते? ह्यांना मेलं कुठे काय बोलावं कळतच नाही!”

फेलिस्मिना हसली नाही. कढत मेण मनगटावर ओघळलं, तरी हूं की चूं केलं नाही. कुणाचं कोपर बरगडीत बसलं. ती थांबली, नाकाने श्वास घेतला आणि पुढची पायरी चढली. चारशे झाल्या. पाचशे झाल्या. इतकं वर ती चार वर्षांत कधी आलीच नव्हती.

वरच्या कठड्याशी अर्मिंदा दिसू लागली. रडत होती, हसत होती, हातातली रोझरीची माळ हलवून बोलावत होती.

शेवटच्या वीसेक पायऱ्या उरल्या. गर्दी दाटली. पुढं एक म्हातारी गुडघ्यांवर चढत होती, अंगावर काळी लोकरीची शाल, लांब झालरीची. मागून रेटा आला. दुसऱ्याच क्षणी झालरीवर ज्योत धावली.

पाणी फुर्रकन उडालं.

“शाल! अहो बाई, तुमची शाल पेटली!”

दोघा पुरुषांनी शाल ओढून काढली, बुटांखाली तुडवली. म्हातारीला काही झालं नव्हतं. तिने फेलिस्मिनाला मिठीच मारली. “पोरी, तू नसतीस तर जळून मेले असते गं!” लोकांनी टाळ्या वाजवल्या.

अर्मिंदा कठड्याशी मटकन बसली. मग धरत धरत खाली आली. तिला रागावताही येईना.

“आता तुला काय बोलायचं? जीव वाचवलास,” ती म्हणाली. “आबिलिओचंच नशीब खोटं.”

“पुढच्या वर्षी, वन्सं,” फेलिस्मिना म्हणाली. “नक्की.”

बसने तिला उन्हं कलताना फाट्यावर सोडलं. ती चढण चढून घरी आली, कुलूप काढलं, दार उघडून क्षणभर बाजूला उभी राहिली आणि मग आत जाऊन दार लावलं. कोबीचं सूप गरम केलं. दोन वाडग्यांत वाढलं, आशीर्वादाची प्रार्थना म्हटली आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत ती हळू आवाजात म्हणाली,

“माउली मला क्षमा करो, आज त्या बाईच्या शालीला मेणबत्ती लावावी लागली. पुढच्या वर्षी तुला ठेवून घ्यायला काय करू, ते तूच सांग.”