बाईंचं वजन

लाइट गेली तेव्हा गणिताच्या बाई पाचव्या आणि सहाव्या मजल्याच्या मधे होत्या.

त्यांच्याबरोबर लिफ्टमध्ये दोन विद्यार्थी होते. वर्गातले बाकीचे आठ जण जिने चढून, धापा टाकत, गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत पोचले होते. तिथे लिफ्टचे मेकॅनिक उभे होते. सगळे त्यांना काका म्हणत. काकांना सोमवारपासून या वर्गातला एक शिकाऊ हवा होता. एकच. कोण, ते आजच ठरणार होतं.

आठांत एक मुलगी होती. गेल्या आठवड्यात तिने भर वर्गात विचारलं होतं, "बाई, या कप्पीच्या गणितांचा पुढे उपयोग काय?" बाई म्हणाल्या होत्या, "शुक्रवारी लिफ्टचं मशीन बघायला जाऊ, तेव्हा सांगते."

आज शुक्रवार होता आणि बाई लटकल्या होत्या.

"बरं झालं," काका म्हणाले. "सांगून अशी संधी मिळत नाही." त्यांनी मोठा स्विच खाली ओढला, त्याला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. "मधेच लाइट आली तर मशीन तुमची बोटं मोजत बसणार नाही." मग त्यांनी लिफ्टचा फोन उचलला. "बाई, दाराला हात लावू नका. वर तुमचीच पोरं आहेत."

"म्हणूनच काळजी वाटतेय," फोनमधून आवाज आला.

काकांनी ब्रेकच्या दांड्यावर हात ठेवला. "मी ब्रेक सोडला, तर लिफ्ट कुठे जाईल?"

"खाली!" पाच-सहा जण एकदम म्हणाले.

"वर," चष्मेवाला म्हणाला. "दोराच्या पलीकडच्या टोकाला लोखंड असतं. ते लिफ्टच्या डब्यापेक्षा जड असतं."

"डबा रिकामा असता तर शाबास म्हटलं असतं." काकांनी मोटरीवरच्या चाकाकडे बोट दाखवलं. "आता हे हाताने फिरवून डबा मजल्याला आणायचा. दोन दणकट गडी पुढे या."

दोघे बाह्या सरसावत पुढे आले. मुलगी भिंतीवरची पाटी वाचत होती. सहा माणसं, चारशे आठ किलो.

"काका, पलीकडचं लोखंड डब्यापेक्षा कितीने जड ठेवलंय?"

"भरून जेवढा भार होतो, त्याच्या निम्म्याने."

"म्हणजे दोनशे चार." तिने फोन मागून घेतला. "बाई, आतल्या तिघांची वजनं सांगा."

"कशाला?"

"कप्पीचं गणित आहे."

एका मुलाने चौसष्ट किलो सांगितलं, दुसऱ्याने एकोणसाठ.

"बाई?"

"माझं अंदाजे धर."

"बाई, दिलेली माहिती अपुरी आहे."

खोलीत कोणीतरी फिस्सकन हसलं. वाक्य बाईंचंच होतं, लाल शाईतलं.

"अठ्ठ्याहत्तर," फोन पुटपुटला.

"अठ्ठ्याहत्तर काय, बाई?"

एकक लिहिलं नाही म्हणून बाईंनी सहामाहीला तिचे अर्धा-अर्धा करत साडेतीन मार्क कापले होते.

"किलो!" बाई ओरडल्या. "किलो, किलो, किलो! आणि माझ्या पिशवीत तुमच्या उत्तरपत्रिका आहेत, दोन-अडीच किलो. त्याही धर."

तिने तळहातावर पेनाने बेरीज केली. पुन्हा एकदा तपासली. "काका, दोनशे साडेतीन. दोन्ही बाजू सारख्याच. ब्रेक सोडलात तर लिफ्ट कुठेच जाणार नाही. आणि ते चाक मी एका हाताने फिरवीन."

"सोमवारी प्लास्टर घालून येशील," बाह्या सरसावलेल्यांपैकी एक म्हणाला.

काका हसले नाहीत. "बावीस वर्षांत मी कोणाला वजन विचारलं नाही. एका बाजूने जड लागलं की दुसऱ्या बाजूने फिरवायचं, एवढंच माझं शास्त्र. तुझं पुस्तकातलं. नाही फिरलं तर?"

"तर सोमवारी मला बोलवू नका."

काकांनी तिच्याकडे क्षणभर पाहिलं आणि दांडा दाबला. खट्‌ आवाज होऊन ब्रेक सुटला. सगळ्यांच्या नजरा दोरांवर खिळल्या. दोर जागच्या जागी होते. ना वर, ना खाली.

"हं," काका म्हणाले.

तिने डावा हात पाठीमागे घेतला. उजवा चाकावर ठेवला आणि रेटा दिला. चाक हललं नाही. मागे कोणीतरी घसा खाकरला. तिने पाय थोडे फाकवले आणि तोच रेटा तसाच धरून ठेवला. चाक कुरकुरलं, एक बोटभर सरकलं, आणि मग जातं फिरावं तसं फिरू लागलं. काळे, तेलकट दोर सावकाश चालू लागले. बाह्या सरसावलेले दोघे तसेच उभे होते.

पंचवीसेक फेरे झाले. दोरावरचा पिवळ्या रंगाचा पट्टा वर येत येत खुणेच्या रेषेला भिडला. काकांनी दांडा सोडला. ब्रेक लागला.

"बाई, सहावा मजला," काका फोनमध्ये म्हणाले. "आता दार सरकवा."

दार सरकल्याचा आवाज आला, पाठोपाठ दोन मुलांचा सुस्कारा. मग बाईंचा आवाज. "चाक कोण फिरवत होतं?"

काकांनी मुलीकडे पाहिलं. तिचा उजवा हात कोपरापर्यंत काळा झाला होता. डावा अजून पाठीमागेच होता.

"आमच्याकडची आहे एक," काका म्हणाले.